विश्लेषण : घास सुरक्षित गिळला जातो की नाही, हे कडावमध्ये कोण तपासणार?

पक्षाघाताचा झटका आलेला रुग्ण मुंबईच्या रुग्णालयातून घरी परततो तेव्हा सोबत औषधांची यादी असते, व्यायामाचा कागद असतो आणि बऱ्याचदा नाकात नळी असते. औषधे कर्जतला मिळतात. हातापायांच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टही आता तालुक्याच्या गावी सापडतो. पण नाकातली नळी कधी काढायची, तोंडाने पाणी कधी पाजायचे, भात द्यायचा की नुसती पेज, हे तपासून सांगणारा माणूस कडावसारख्या गावात शोधून सापडणे कठीण. हे काम स्पीच थेरपिस्टचे आहे, हेच मुळात अनेकांना ठाऊक नसते. हा तज्ज्ञ नेमके काय करतो, तो गावापर्यंत का पोहोचत नाही आणि तोवर घरच्यांनी काय करावे, याविषयी...

स्पीच थेरपिस्टचा गिळण्याशी काय संबंध?

‘स्पीच थेरपिस्ट’ म्हटले की उशिरा बोलू लागलेले मूल किंवा अडखळत बोलणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. ते काम आहेच. पण मोठ्या रुग्णालयांत या तज्ज्ञांचा बराच वेळ मेंदूविकार, अतिदक्षता आणि कर्करोग विभागांत जातो. कारण सरळ आहे. ओठ, जीभ, टाळू, घसा आणि स्वरयंत्र या ज्या अवयवांनी आपण बोलतो, त्याच अवयवांनी गिळतो. एकाची वाचा गेली की अनेकदा दुसऱ्याचेही बिनसते. त्यामुळे वाचा, आवाज आणि गिळणे हे तिन्ही विषय एकाच तज्ज्ञाच्या अभ्यासक्रमात येतात.

बारावी विज्ञान शाखेनंतर ‘बीएएसएलपी’ ही पदवी घेता येते. ती चार वर्षांची असून त्यातील शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. पुढे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण आहे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) आणि नायर रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालय, पुण्यात भारती विद्यापीठ या ठिकाणी हे शिक्षण मिळते. देशातील सर्वात जुन्या संस्थांपैकी एक म्हैसूरची, १९६५ सालची. हा तज्ज्ञ औषधे लिहून देत नाही आणि शस्त्रक्रियाही करत नाही. निदान कान-नाक-घसा किंवा मेंदूविकारतज्ज्ञ करतो. त्यानंतर रुग्णाला पुन्हा बोलते-खाते करण्याचे, आठवडेच्या आठवडे चालणारे काम याच्याकडे येते.

गिळताना घशात नेमके काय होते?

श्वासाचा रस्ता आणि अन्नाचा रस्ता घशात एकमेकांना छेदतात. रेल्वेच्या फाटकासारखी रचना आहे. एकावेळी एकच वाहतूक सुटू शकते. घास जिभेने मागे ढकलला की श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे उचलले जाते, स्वरतंतू मिटतात, वरचे झाकण खाली येते आणि मागची अन्ननलिका उघडते. घशातला हा सगळा प्रकार साधारण एका सेकंदात उरकतो. निरोगी माणूस दिवसातून शेकडो वेळा हे करतो आणि त्याला पत्ताही नसतो.

पक्षाघातात बिघडते ती मुख्यतः ही वेळ. जीभ कमजोर पडते, फाटक पडायला उशीर होतो. इथेच घरोघरी होणारी सर्वात मोठी चूक समजून घेण्यासारखी आहे. ‘जड जेवण झेपत नाही, निदान पाणी तरी पाजा’ असे म्हणून आजाऱ्याच्या तोंडात वाटीने पाणी ओतले जाते. प्रत्यक्षात पाणी हा सर्वात वेगाने वाहणारा पदार्थ. फाटक पडण्याआधी ते घशात पोहोचते आणि श्वासनलिकेकडे वळते. अशा रुग्णाला घट्टसर खिमट पाण्यापेक्षा सुरक्षित ठरू शकते. भेटायला आलेला प्रत्येक नातेवाईक प्रेमाने दोन घोट पाजतो, तेव्हा तो नेमका सर्वात धोक्याचा पदार्थ देत असतो.

पक्षाघातानंतर पहिल्या काही दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळण्याचा कमी-अधिक त्रास होतो, असे जगभरातील अभ्यास सांगतात. फुप्फुसात गेलेले अन्न-पाणी आणि तोंडातले जंतू यांतून न्यूमोनिया होतो. घरचे मग सांगतात, ‘झटक्यातून बरे झाले होते, पण नंतर छातीत कफ झाला.’ तो कफ कुठून आला, हे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही.

आणखी एक अडचण. ‘ठसका लागत नाही, म्हणजे सगळे ठीक’ हा समज खोटा आहे. घशाची संवेदनाच गेलेली असेल तर पाणी श्वासनलिकेत उतरूनही ठसका लागत नाही. हे बाहेरून दिसत नाही. ते पाहायला दोन खात्रीच्या तपासण्या आहेत. एकीत बेरियम मिसळलेला घास गिळताना एक्स-रेचे चलतचित्र घेतात. दुसरीत नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. ही पद्धत अमेरिकेत १९८८ मध्ये मांडली गेली. दोन्हींसाठी मोठे रुग्णालय लागते. खाटेपाशी होणारी प्राथमिक चाचणी मात्र साधी आहे. प्रशिक्षित व्यक्ती मोजके पाणी पाजून ठसका, ओलसर झालेला आवाज आणि श्वासाची लय पाहते. त्यासाठी यंत्र लागत नाही, शिकलेला माणूस लागतो.

कर्जत-खालापूरमध्ये हा प्रश्न अधिक बिकट का?

कडाव हे कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे गाव. बालदिगंबर गणेशाच्या मंदिरामुळे बाहेरच्यांना ठाऊक असलेले. आसपासच्या वाड्या-पाड्यांसाठी मात्र ते प्राथमिक आरोग्य केंद्राचे आणि बाजाराचे गाव. त्यापुढची पायरी कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय. त्याच्याही पुढे जिल्हा रुग्णालय, तेही थेट अलिबागला, म्हणजे खोपोली आणि पेण ओलांडून. अलिबागला २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ही जमेची बाजू. पण कर्जतकरांचा वैद्यकीय ओढा परंपरेने रेल्वेमार्गाने जातो. कल्याण, परळ, मुंबई सेंट्रल, नाही तर रस्त्याने पनवेल आणि नवी मुंबई.

२०११ च्या जनगणनेनुसार कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी दोन लाखांहून अधिक होती. कर्जतच्या पट्ट्यात ठाकूर आणि कातकरी वस्त्या मोठ्या. खालापूरकडे कारखाने आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. अपघातात डोक्याला मार लागलेले, महिनाभर व्हेंटिलेटरवर राहून गळ्याला छिद्र घेऊन घरी आलेले तरुण हाही या उपचारांची गरज असलेला गट आहे. त्यांची चर्चा अपघाताच्या बातमीपलीकडे सहसा जात नाही.

आता हिशेब मांडून पाहू. कडावहून टमटम किंवा एसटीने कर्जत स्थानक. तिथून लोकलने दादर किंवा सीएसएमटीकडे दोन तासांच्या आसपास. मग टॅक्सी. थांबण्याचा वेळ धरला तर एका बाजूला तीन-साडेतीन तास सहज जातात. थेरपीचे सत्र असते अर्ध्या-पाऊण तासाचे. आणि ही थेरपी एकदा करून भागत नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदा आणि घरी रोज सराव, असा तिचा क्रम असतो. अर्धे अंग लुळे पडलेल्या माणसाला गर्दीच्या लोकलमध्ये चढवायचे, सोबत घरातल्या कमावत्या माणसाने दिवस मोडायचा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर हे थांबते यात नवल नाही. ‘रुग्णाने पाठपुरावा केला नाही’ असा शेरा केसपेपरवर पडतो. तो शेरा वस्तुस्थिती सांगतो, कारण सांगत नाही.

या अंतराचा फटका दोन्ही बाजूंनी बसतो. पक्षाघातानंतर अनेकांचे गिळणे पहिल्या काही आठवड्यांत आपोआप किंवा सरावाने सुधारते. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात नळी लावून घरी पाठवलेला रुग्ण पाचव्या आठवड्यात कदाचित चमच्याने जेवू शकेल. पण फेरतपासणीच झाली नाही तर नळी महिनोन्महिने तशीच राहते. नाक सोलते, घसा दुखतो, जिभेला चव नाही. नळी साधारण चार ते सहा आठवड्यांपुढे लागणार असेल तर पोटातून थेट जठरात नळी बसवण्याचा विचार करतात, हेही घरच्यांना कुणी सांगितलेले नसते. याच्या उलटही होते. रुग्ण वैतागून नळी उपसतो, ती पुन्हा घालायला कर्जत गाठावे लागते, म्हणून घरचे ‘बघू या’ म्हणत भात भरवतात. दोन्ही घरांत निर्णय होतोच. तो तपासणीवाचून होतो, एवढेच.

पेज, वरण-भात की भाकरी?

हा प्रश्न घरगुती वाटतो, पण उपचाराचा अर्धा भाग इथेच आहे. गिळण्याचा त्रास असलेल्यांच्या अन्नाची आता जगभर एकच मोजपट्टी वापरली जाते. शून्य ते सात अशा तिच्या पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे पाणी, चार म्हणजे चमच्यात आकार धरून राहणारे वाटण, सात म्हणजे नेहमीचे जेवण. पातळ पदार्थ कोणत्या पायरीवर आहे हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. दहा मिलिलिटरची साधी सिरिंज, सुई काढलेली. तोंड बोटाने बंद करून दहापर्यंत भरायची, बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायचे आणि किती उरले ते पाहायचे. एक मिलिलिटरहून कमी उरले तर पाण्यासारखे पातळ, चार ते आठ उरले तर दुसरी पायरी, काहीच वाहिले नाही तर चौथी. मात्र सिरिंजच्या नळीची लांबी कंपनीनुसार बदलते. शून्य ते दहा या खुणांमधले अंतर ६१.५ मिलिमीटर असेल तरच हे आकडे लागू पडतात.

पण ही मोजपट्टी सूप, दही, पुरी केलेल्या भाज्या डोळ्यांपुढे ठेवून बनली. कर्जतच्या भातपट्ट्यात आजाऱ्याला देतात ती पेज. पेजेत पाणी वेगळे, शिते वेगळी. वरण-भातातही तेच. तोंडात एकाच वेळी दोन वेगांचे पदार्थ. पाणी पुढे पळते आणि शिते चावेपर्यंत ते घशात उतरलेले असते. ‘हलके अन्न’ म्हणून दिलेली पेज गिळण्याच्या दृष्टीने अवघड असते ती यामुळे. भाकरीचे उलटे. ती कोरडी, भुगा होणारी आणि घशात चिकटणारी.

यावर तज्ज्ञाचे उत्तर ‘पेज बंद’ असे असण्याची गरज नाही. तीच पेज शितांसकट घोटून, गाळून, एकजीव केली की तिची पायरी बदलते. नाचणीचे सत्त्व शिजवून हवे तितके घट्ट करता येते. मात्र एक बारकावा आहे. पिठुळ पदार्थ लाळेतल्या अमायलेजमुळे पातळ होतात. भरवताना चमचा रुग्णाच्या तोंडातून काढून पुन्हा त्याच वाटीत बुडवत राहिले तर जेवण संपता संपता वाटीतली पेज सुरुवातीपेक्षा पातळ झालेली असते. म्हणून थोडी थोडी वेगळ्या वाटीत काढून घ्यावी. बाजारात मिळणाऱ्या झँथन गमच्या पावडरीला हा त्रास नाही, पण ती महाग पडते.

गावातल्या स्वयंपाकाची माहिती असलेला थेरपिस्ट आणि नसलेला थेरपिस्ट यांच्या सल्ल्यात इथे जमीन-अस्मानाचे अंतर पडते. छापील इंग्रजी तक्ता हातात देऊन पाठवलेल्या रुग्णाच्या घरी तो तक्ता देव्हाऱ्याच्या मागे जातो.

आवाज बसणे कधी गंभीर?

जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक, भजनी मंडळातले गायक, बाजारात ओरडून विकणारे, यांचा आवाज वारंवार बसतो. स्वरतंतूंवर गाठी येतात. त्यातल्या बऱ्याच गाठी शस्त्रक्रियेविना, आवाज वापरण्याची पद्धत बदलून कमी होतात. हेही स्पीच थेरपिस्टचेच काम. पण नियम एक: तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यायचे, थेरपी त्यानंतर. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्याने तर एवढेही थांबू नये.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. त्यात धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. बिडीपेक्षा मळलेली तंबाखू आणि मशेरी हा इथला प्रश्न. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडाच्या कर्करोगाची रांग आटलेली नाही. शरद पवार यांनी २००४ मधील आपल्या शस्त्रक्रियेविषयी आणि त्यामागच्या सवयीविषयी जाहीरपणे अनेकदा सांगितले आहे. तत्कालीन ज्येष्ठ नेते आर. आर. पाटील यांचे २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले. जीभ किंवा जबड्याचा भाग काढल्यावर उरलेल्या अवयवांकडून बोलण्या-गिळण्याचे काम करवून घेणे, हे शस्त्रक्रियेइतकेच चिवट काम असते.

स्वरयंत्रच काढावे लागले तर श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटी झडप बसवून रुग्णाला पुन्हा बोलते करता येते. परदेशी झडपेची किंमत हजारांत. बेंगळूरुचे कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी ‘ओम’ नावाची झडप अवघ्या ५० रुपयांत तयार केल्याची बातमी गाजली होती. किमतीचा प्रश्न त्यामुळे सुटू शकतो, अंतराचा नाही. झडप काही महिन्यांनी बदलावी लागते. ती गळू लागली की पाणी पिताना थेट श्वासनलिकेत जाते. अशा वेळी रुग्णाला त्याच दिवशी कुणीतरी पाहायला हवे असते, पुढच्या महिन्याच्या तारखेला नव्हे.

सरकारी योजनांत या उपचारांना जागा आहे का?

तुकड्या-तुकड्यांत आहे. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ च्या सुमारास सुरू झाला. त्याचा भर नावाप्रमाणेच ऐकण्यावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघर येथून झाली. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा व श्रवणतज्ज्ञाचे पद धरलेले आहे. दुभंगलेला टाळू, सेरेब्रल पाल्सी, उशिरा बोलणे यासाठी ही वाट आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांना ‘निरामय’ विम्यातून एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चात थेरपीचाही समावेश आहे. कडावच्या परिसरातल्या पालकांनी निदान याची चौकशी जरूर करावी.

प्रौढांसाठी अशी सरळ वाट नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भर शस्त्रक्रिया आणि रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांवर आहे. कर्करोगाची शस्त्रक्रिया त्यात होते. त्यानंतर महिनोन्महिने लागणारी बाह्यरुग्ण थेरपी हा रुग्णाच्या खिशाचा विषय ठरतो.

कायद्यातली फट तर अधिक बोलकी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात ‘वाचा आणि भाषा दिव्यांगत्व’ आहे. स्वरयंत्र काढलेले आणि मेंदूविकाराने वाचा गेलेले रुग्ण त्यात बसतात आणि प्रमाणपत्र मिळवू शकतात. गिळता न येणे मात्र या यादीत स्वतंत्रपणे नाही. जो बोलू शकत नाही तो मोजला जातो, ज्याला घोटभर पाणी सुरक्षित पिता येत नाही तो मोजला जात नाही. २०११ च्या जनगणनेत वाचेचे दिव्यांगत्व असलेले सुमारे २० लाख लोक देशात नोंदले गेले. गिळण्याचा त्रास असलेल्यांसाठी असा रकानाच नव्हता. मोजणी नाही म्हणून पद नाही, आणि पद नाही म्हणून नोंद करणाराही नाही.

एक वाट मात्र आधीच अर्धी बांधलेली आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, चावताना दुखते का, आवाजात बदल झाला आहे का, असे प्रश्न आहेत. म्हणजे पाड्यावरच्या माणसाचा घोगरा आवाज कागदावर येण्याची सोय आहे. पुढे तो कागद कुणाकडे जातो, हा खरा प्रश्न. महिन्यातून एक-दोन दिवस जरी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात जिल्ह्याचा थेरपिस्ट बसला, तरी सात तासांचा प्रवास तासा-दीड तासावर येईल. ई-संजीवनीसारख्या दूरसल्ला सेवेतून व्यायाम शिकवता येतात, पथ्य ठरवता येते. पण आवाज न करता फुप्फुसात जाणारे पाणी कॅमेऱ्यावर दिसत नाही. पहिली तपासणी प्रत्यक्ष आणि पुढचा पाठपुरावा फोनवर, हाच क्रम सुरक्षित.

तज्ज्ञ खरा आहे, हे कसे ओळखायचे?

या व्यवसायासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी बंधनकारक आहे. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीविना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हजार रुपयांचा दंड आज कुणाला रोखणार, हा भाग वेगळा. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून नोंदणी पाहता येते. घशाला बाहेरून करंट लावून ‘आठ दिवसांत गिळायला लावतो’ असे सांगणाऱ्याकडे आधी नोंदणी क्रमांक मागावा.

तोवर घरच्यांनी काय करावे?

रुग्णालयातून सुटी घेतानाच तीन गोष्टी कागदावर लिहून मागाव्यात : तोंडाने काय द्यायचे आणि काय नाही, नळीची फेरतपासणी कोणत्या तारखेला, आणि थेरपिस्टचा संपर्क. डॉक्टरांनी तोंडाने देण्यास मनाई केली असेल तर चमचाभर पाणीही नको. परवानगी असेल तर रुग्णाला पाठीला टेका देऊन सरळ बसवावे, आडवा असताना किंवा झोपेत असताना भरवू नये. लहान चमचा, एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा. टीव्ही बंद, गप्पा बंद. घास घेतल्यावर ‘आ’ म्हणायला लावावे; आवाज पाण्यात बोलल्यासारखा ओलसर आला तर थांबावे. जेवणानंतर अर्धा तास बसूनच ठेवावे. वारंवार ठसका, जेवताना दम लागणे, संध्याकाळचा ताप किंवा झपाट्याने घटणारे वजन, यातले काहीही दिसले तर आरोग्य केंद्र गाठावे.

तोंडाची स्वच्छता हा सर्वात दुर्लक्षित भाग. नळी आहे, तोंडाने काही जात नाही, मग दात कशाला घासायचे, असे वाटते. पण लाळ तर गिळली जातेच आणि तिच्यासोबत जंतूही उतरतात. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा न्यूमोनियाचा सर्वात प्रबळ धोका कोणाला होता, तर ज्यांना दुसऱ्याच्या हाताने भरवावे लागते अशांना. दिवसातून दोनदा दात, जीभ आणि गाल पुसून काढणे फुकट आहे आणि घरातल्या कुणालाही जमते.

मुंबईला जाण्याआधी रुग्ण जेवत असतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडीओ मोबाइलवर काढून न्यावा. रुग्णालयात नवख्या जागी रुग्ण वेगळाच वागतो, घरचे दृश्य थेरपिस्टला जास्त सांगते. व्हिडीओ बाजूने, उजेडात आणि आवाजासह काढावा. त्यात गळा स्पष्ट दिसला पाहिजे, ताट दिसले नाही तरी चालते.